नागपूरकरांचा खुलासा

माझ्या वडिलांवर आयुष्यात एकदाच बंदी आली आणि ती माझ्यामुळे आली. बंदी कसली, तर इंटरनेटवरच्या एका खेळातली. क्रिकेटची टीम चालवायचा खेळ. ऐकणारा हसेलच. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही त्याचं एक कारण हेच, की समोरचा हसेल आणि त्याला हसताना पाहून मलाही सुटल्यासारखं वाटेल. मला तसं वाटायला नको आहे.

बाबा सरकारी कचेरीत होते, पण त्यांची खरी नोकरी रविवारी असे. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या क्रिकेट क्लबासाठी ते जवळजवळ तीस वर्षं अंपायर म्हणून उभे राहिले. आमच्याकडे मैत्रीच्या सामन्यांना बाहेरचा अंपायर आणायची पद्धत नव्हती. जी टीम बॅटिंग करत असेल तिच्यातलेच दोघं पांढरे कोट चढवून उभे राहायचे. म्हणजे आपल्याच माणसाला आउट द्यायचं. अर्थातच कुणी देत नसे. पायाला लागला तर ‘बाहेर जात होता’ आणि मागे झेल गेला तर ‘आवाज आला नाही’. समोरच्यांचीही फारशी तक्रार नसायची, कारण दीड तासानं त्यांचे दोघं कोट घालून तेच करणार असत. सगळा समजुतीचा मामला होता. त्यात एकटे बाबा आपल्या माणसांना आउट द्यायचे. क्लबातले लोक वैतागून म्हणायचे, “अहो, तुम्ही आमचेच ना?” बाबा म्हणायचे, “कोट घातला की कुणाचाच नाही.” आणि तरीही लोक त्यांनाच कोट द्यायचे. का, ते मला कधी कळलं नाही. बहुधा क्लबात असा एक तरी माणूस आहे हे सांगायला बरं वाटत असावं.

मी सतरा वर्षांचा असताना त्यांनी मलाही आउट दिलं. मी त्रेचाळीसवर होतो. त्या दिवशी शहरातल्या मोठ्या स्पर्धेसाठी मुलं निवडायला कुणीतरी येऊन बसलेलं होतं आणि पन्नास झाले असते तर माझं नाव लागलं असतं असं सगळेच म्हणत होते. ऑफ स्टंपबाहेरचा एक चेंडू मी सोडता सोडता खेळलो. विकेटकीपरनं अर्धवट ओरडून पाहिलं, बॉलरनं तर मागे वळूनही बघितलं नाही. बाबांचं बोट वर गेलं. मी बॅटकडे बघितलं, मान हलवली, पुन्हा बॅटकडे बघितलं आणि चालू लागलो. घरी जेवताना म्हणालो, “लागलाच नव्हता.” आईनं वाढता वाढता बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “अपील झालं. मला आवाज आला. मी दिलं.” आणि आमटी वाढून घेतली. त्यानंतर मी क्रिकेट खेळलो नाही. अभ्यास आहे म्हणालो. तो खरंच होता, इंजिनिअरिंगला जायचं होतं.

पुढे जे सगळ्यांच्या घरात झालं तेच आमच्या घरात झालं. मी कंप्युटर शिकलो, हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो, पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही कोथरूडला लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये आलो. बाबा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं बंद. जिने नाहीत, चालणं नाही, त्यांनी नेमकं उभं राहणंच बंद केलं. रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचे आणि कुठेच जायचे नाहीत. मी शेजारी बसून पेपर वाचायचो. आम्ही भांडत नव्हतो. आमच्यात बोलायला काही नव्हतं एवढंच.

तो खेळ आमच्या ऑफिसात सगळेच खेळत. चित्रं नाहीत, आवाज नाहीत, नुसती अक्षरं. आपली एक टीम, तिच्यात खोट्या नावांचे खोटे खेळाडू. त्यांना सराव द्यायचा, इतर टीमचे खेळाडू लिलावात घ्यायचे, आपले विकायचे, आणि रविवारी सामना व्हायचा. तो म्हणजे एकेका चेंडूची एकेक ओळ. जगभरचे लोक खेळत होते. माझी टीम बरीच वर चढलेली होती आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यामुळे माझं थोडं वजन होतं. एका रविवारी मी हॉलमधल्या कंप्युटरवर सामना बघत होतो तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “हे एलबीडब्ल्यू कोण देतं?”

“कंप्युटर देतो.”

“कुणाच्या बाजूचा?”

“कुणाच्याच नाही.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्या संध्याकाळी मी त्यांना टीम काढून दिली.

नोंदणी करताना नियमांचं पान येतं. ते कुणीही वाचत नाही. बाबांनी ते वाचलं, दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं आणि मला बोलावलं. एका माणसाची एकच टीम, हा पहिला नियम. एका घरातून दोघं खेळत असतील तर तसं कळवायचं आणि त्या दोघांनी एकमेकांना खेळाडू विकायचे नाहीत, हा दुसरा. “कळव,” ते म्हणाले. मी म्हणालो, “कोण बघतंय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं कळवलं. एक घर, दोन माणसं, वडील आणि मुलगा.

बाबांची टीम हरायची. वर्षभर हरली. त्यांना लिलाव आवडायचा नाही. दर आठवड्याला एक पोरगेला खेळाडू फुकट मिळे, त्या पोरांनाच शिकवून मोठं करायचं असा त्यांचा हट्ट होता. वहीत प्रत्येक पोराचं एक पान होतं. रोज सकाळी अकरा वाजता, पूजा आणि पेपर झाला की ते एका बोटानं लॉगिन करायचे आणि वहीत पेन्सिलीनं नोंद घ्यायचे. आई म्हणायची, “अहो, कचेरीत एवढं काम केलं असतंत तर साहेब होऊन निवृत्त झाला असतात.” सगळ्यांत खालच्या गटात, आठांत आठवे. रविवारी दुपारी सामना हरला की वही बंद करून ते गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे, आणि मला ते बघवत नसे. मला त्यांची कीव यायची. आता वाटतं, त्या हरण्यात त्यांचं बरं चाललं होतं. वाईट मला वाटत होतं, त्यांना नाही.

माझ्या टीममधून त्यांना खेळाडू देता येत नव्हता, कारण तसं कळवून बसलो होतो. मग एका दुपारी ऑफिसात मी तिसरं खातं काढलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा नागपूरचा होता, सदानकदा तिथलं ऊन आणि संत्री सांगायचा. म्हणून माझा माणूस नागपूरचा झाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगी परदेशी. पाच मिनिटांत मी तो माणूस बनवला. त्याच्या टीममध्ये दोन-चार महिने बरे बॉलर जमवले आणि एक चांगला फास्ट बॉलर अगदी कमी किमतीत लिलावाला लावला, मुदत सकाळी अकराच्या जरा पुढे संपेल अशी. वडिलांच्या सवयी माहीत असण्याचा मी तेवढा उपयोग केला.

बाबांना तो बॉलर मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नागपूरकरांच्या नावानं त्यांचं पत्र आलं. त्या खेळात देवनागरी उमटत नसे, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागे. बाबा आधी वहीत मजकूर लिहायचे आणि मग एकेक अक्षर शोधून टाइप करायचे. पत्र असं होतं: “आपण लावलेली किंमत फारच कमी वाटते. टाइप करताना शून्य राहून गेलं असल्यास कळवावे. मी खेळाडू परत करण्यास तयार आहे.” मी ते वाचून हसलो. मग उत्तर लिहिलं, की चूक नाही, माझ्याकडे त्याला जागा नव्हती, चांगल्या घरी गेला याचा आनंद आहे.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा आईला ते वाचून दाखवत होते. “चांगल्या घरी गेला, म्हणतात.” आई भाजी निवडत म्हणाली, “मुलगी दिलीय का बॉलर?” बाबा हसले. मी बूट काढत होतो, मीही हसलो. मला आठवतंय, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

वर्षभरात नागपूरकरांनी बाबांना पाच खेळाडू दिले. टीम एक गट वर चढली. बाबांनी पेढे आणले आणि खालच्या वॉचमनलाही दिले, कारण सांगितलं, “आमची टीम वर गेली.” त्याला वाटलं कुणाचं तरी प्रमोशन झालं. पण खेळाडू हळूहळू बाजूला राहिले आणि पत्रंच वाढली. बाबा आठवड्याला दोन पत्रं लिहायचे. गुडघे, पेठ, कचेरीतली माणसं, आईच्या हातची अळूची भाजी, सगळं. एकदा लिहिलं होतं, “आपलं मराठी फार स्वच्छ आहे, नागपूरकडचं वाटत नाही.” मी घाईघाईनं कळवलं की शिक्षण पुण्यात झालं. त्यावर त्यांनी कुठलं कॉलेज, कुठली वर्षं असं विचारलं आणि मी एका खोट्याला दहा खोटी जोडत गेलो.

घरी तेच बाबा माझ्यासमोर बसून आमटीभात खायचे. “ऑफिस?” “ठीक.” “बस मिळाली?” “हो.” आणि दुसऱ्या दिवशी हिंजवडीत एसीत बसून मी वाचायचो, की मुलगा चांगला आहे, घरात कसली कमी पडू देत नाही, पण त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. आई एकदा म्हणाली होती, “एका घरात राहता आणि बोलता मात्र डब्यातल्या माणसांशी.” तिला वाटलं होतं की डब्यातली माणसं वेगवेगळी आहेत.

एका सोमवारी पत्र आलं ते मी आजही तोंडपाठ म्हणून दाखवीन. बाबांनी नागपूरकरांना त्या आउटची हकिगत लिहिली होती. सगळी, मैदान, स्कोअर, बॉलर. आणि पुढे: “मला आवाज आल्यासारखं वाटलं. नक्की आला का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आपल्याला सांगतो. दुसरा कुणी मुलगा असता तर मी शंकेचा फायदा दिला असता. माझा होता म्हणून हात लवकर वर गेला. लोक बघत होते. मला माझं नाव राखायचं होतं. त्यानंतर तो खेळला नाही. आपण माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?”

चेंडू बॅटला लागला होता.

किंचित लागला होता. आवाज झाला की नाही मला माहीत नाही, पण मुठीला कळतं, खेळलेल्या कुणालाही विचारा. मी बॅटकडे बघितलं, मान हलवली, ते सगळं नाटक होतं, आणि जेवताना बोललो ते खोटं होतं. नंतर खेळणं सोडलं ते रुसून नाही, लाज वाटली म्हणून. पण रुसलोय असं त्यांना वाटू दिलं. ते सोयीचं होतं. त्यांनी बरोबर निर्णय दिला होता आणि तो चुकला असं समजून हा माणूस इतकी वर्षं ते मनात घेऊन फिरत होता, आणि मी घेऊन फिरू दिलं.

मी काय उत्तर लिहिलं? नागपूरकरांनी लिहिलं, “झालं गेलं, मनावर घेऊ नये. मुलं विसरतात.” मीटिंगला जायचं होतं, लिहून टाकलं आणि गेलो. त्याचं उत्तर बाबांनी फक्त “आभारी आहे” एवढंच दिलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मला कावीळ झाली. तीन आठवडे घरी. नागपूरकर अर्थातच गप्प. पहिल्या आठवड्यात बाबा म्हणाले, “नागपूरचे ते गृहस्थ दिसले नाहीत.” दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, “एकटे राहतात. काही झालं नसेल ना?” ते कुणाला तरी फोन करून नागपुरात चौकशी करता येईल का, असं आईला विचारू लागले. मला वाटलं, हे थांबवलं पाहिजे. बाबा दुपारी एक ते चार झोपत. एका दुपारी मी अंथरुणातून उठलो, हॉलमधल्या कंप्युटरवर बसलो आणि नागपूरकरांच्या नावानं दोन ओळी लिहिल्या: गावाला गेलो होतो, तब्येत उत्तम आहे. चार वाजता उठून बाबांनी ते वाचलं आणि चहा घेताना त्यांचा चेहरा उजळलेला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. कुठल्या कनेक्शनवरून कोण आलं याची नोंद राहते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी केलं.

त्या खेळात तपासणी करणारे लोक होते. खेळाडूंमधलेच, हौसेनं काम करणारे. दहा-बारा दिवसांनी त्यांचं पत्र बाबांना आलं. मी नुकताच ऑफिसला जाऊ लागलो होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा वहीसमोर बसले होते. म्हणाले, “माझी टीम बंद केलीय. त्यांचं म्हणणं, मी आणि नागपूरकर एकच माणूस आहोत. त्यांचे पाच खेळाडू मी स्वतःच स्वतःला विकले.”

मी म्हणालो, “काय?”

“आठ दिवसांची मुदत आहे खुलासा करायला.” ते सावकाश बोलत होते. “नाहीतर कायमची बंदी आणि नावापुढे लबाड असा शेरा.”

“तो शब्द लिहिलाय?”

“इंग्रजीत आहे. अर्थ तोच.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला काय वाटतं?”

मला वाटतं, मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “अहो, खेळ आहे बाबा. सोडून द्या.” ते वहीवर मान घालून लिहू लागले आणि मी हातपाय धुवायला गेलो.

ते काय लिहीत होते ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. खाती बंद होती, खेळता येत नव्हतं, पण पत्रं चालू होती. नागपूरकरांना पत्र होतं. “आपल्यावर आणि माझ्यावर एकच व्यक्ती असल्याचा आरोप आला आहे. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. आपण कोण आहात हे आपणच सांगू शकता. कृपया त्यांच्याकडे खुलासा करावा. मुदत आठ दिवस. मी वाट पाहतो.”

पहिल्या दिवशी मी खुलासा लिहिला. तपासणीवाल्यांना, सरळ: तिसरं खातं माझं, वडिलांना काही माहीत नाही. लिहिला आणि पुसला. कारण ते बाबांना कळवणार. मग बाबांना कळणार की नागपूरकर मी, म्हणजे ती सगळी पत्रं मी वाचली, ते सोमवारचंसुद्धा. आणि मग जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न उरणार, की लागला होता का. दुसऱ्या दिवशी मी नागपूरकरांच्या नावानं खोटा खुलासा लिहिला, मी खरा आहे, पुण्यात नातेवाइकांकडे आलो होतो वगैरे. तोही पुसला. एवढी तरी लाज होती. तिसऱ्या दिवसापासून मी फक्त पान उघडून बसायचो.

घरी बाबा काही विचारत नव्हते. रोज सकाळी अकराला पत्र आलं का बघायचे, वहीत तारीख घालून पुढे एक रेघ मारायचे. संध्याकाळी मला सांगायचे, “नागपूरहून काही नाही.” मी म्हणायचो, “येईल.” सातव्या दिवशीही मी हेच म्हणालो, “येईल.” आईनं तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं होतं, मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी मला माझ्या खात्यावर तपासणीवाल्यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रकरण मिटलं आहे आणि तुमच्या टीमवरचा संशय काढून टाकला आहे. माझ्यावर संशय होता हेच मला माहीत नव्हतं. पुढे लिहिलं होतं, की नागपूरचं खातं बहुतेक वेळा तुमच्या कंपनीच्या कनेक्शनवरून वापरलं जात होतं, हे आम्ही तुमच्या वडिलांना पहिल्याच दिवशी कळवलं होतं. खुलासा झाला नसता तर तिन्ही टीम बंद झाल्या असत्या. काल त्यांनी लेखी कबूल केलं, की दोन्ही खाती त्यांचीच आहेत आणि ते मुलाच्या ऑफिसात येऊन तिथला कंप्युटर वापरत असत. मुलाला याची कल्पना नव्हती.

बाबा माझ्या ऑफिसात एकदाच आले होते. कंपनीनं घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता तेव्हा. त्यांना एक टोपी मिळाली होती, ती त्यांनी परतीच्या बसमध्ये मांडीवर ठेवली होती.

मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आलो. आई देवळात गेली होती. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आयुष्यात ज्यानं कधी बसचं तिकीट चुकवलं नाही त्या माणसानं एक संपूर्ण खोटं, बारीकसारीक तपशिलासह, सही करून दिलं होतं, आणि तो नेहमीसारखा पेपरातलं कोडं सोडवत होता.

“बाबा, तुम्ही तिथे काहीतरी लिहून दिलंत.”

“हो.”

“का?”

“मुदत संपत होती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पत्रात होतं. तुझ्या कंपनीचं नाव वाचता येतं मला.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

त्यांनी पेन्सिल पेपरात ठेवली. “विचारलं की. नागपूरच्या पत्त्यावर.” मग म्हणाले, “उत्तर येईल असं वाटलं होतं. बरा माणूस वाटला होता तो.”

मी उभा होतो. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बाबा, लागला होता, तुमचा हात बरोबर वर गेला होता. एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं की आपण निदान प्रयत्न केला असं वाटतं. मी म्हणालो, “चहा टाकू का?” ते म्हणाले, “आई आली की टाकेल.”

माझी टीम मी बंद केली. त्यानं काही झालं नाही. बाबांनी ती वही रद्दीत दिली नाही, कपाटात पांढऱ्या कोटाखाली ठेवली. आमचं बोलणं पूर्वीसारखंच राहिलं, ऑफिस आणि बस. ते मला कधी टोचून बोलले नाहीत. मी वाट बघायचो की एकदा तरी बोलतील, मग मी बोलेन. पण अपील झाल्याशिवाय बोट वर करायचं नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं, आणि अपील मी करायचं होतं.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पार्किंगमध्ये क्रिकेटचा सामना होतो, ए विंग विरुद्ध बी विंग. त्या वर्षी सेक्रेटरी बाबांकडे आले. म्हणाले, “काका, आपण अंपायर व्हा. उभं राहायला नको, खुर्ची देतो.” गॅलऱ्यांतून, जिन्यावर सगळी सोसायटी जमलेली. बाबा शांतपणे म्हणाले, “दुसरा बघा. माझ्यावर बंदी आहे. मी खोटं लिहून दिलेला माणूस आहे.”

सेक्रेटरी आधी गोंधळले, मग खो खो हसले. आजूबाजूचेही हसले. काकांचा विनोद म्हणजे अस्सल पुणेरी, चेहऱ्यावर रेषा हलत नाही, असं कुणीतरी म्हणालं. त्यानंतर बाबांना सहा सव्वीस जानेवाऱ्या मिळाल्या. दर वर्षी सोसायटी त्यांना विचारायची, मुद्दाम, ते उत्तर ऐकायला, आणि दर वर्षी ते तेच उत्तर त्याच आवाजात द्यायचे. सगळे हसायचे. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा असायचो, आणि सगळे हसतायत म्हणून मीही हसायचो.